पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) आमचा, फौज दुसऱ्याच्या मुलाची?

आम्ही सिंगापूरला राहतो. शेजारच्यांचा मुलगा परवा एनएसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला (नॅशनल सर्व्हिस) गेला. पहिल्या दिवशी आईवडिलांनाही फेरीने टेकाँग बेटावर नेतात, बराकी दाखवतात, मुलासोबत जेवायला बसवतात आणि मग परत पाठवतात. त्याची आई आल्यावर एवढंच म्हणाली, "खाट छान टणक आहे."

मी हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि लगेच सुरू झालं: "आपल्याकडेही सक्ती हवी, पोरं सरळ होतील." लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही घरातलं कुणी सैन्यात नाही, दोघांची मुलं तर अमेरिकेत स्थायिक आहेत. सक्ती नेहमी दुसऱ्याच्या पोरावर करायची असते, नाही का? बरं, आपल्या राज्यघटनेला सक्तीचं वावडंही नाही. कलम २३ सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेला मुभा देतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेदभाव करायचा नाही म्हणतं. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये ऐच्छिक करावी लागली. तरी एवढं मोठं सैन्य आपण स्वेच्छेने येणाऱ्यांवर उभं केलंय, हे इथल्यांना मी छाती काढून सांगतो.

पण सिंगापूरचा हिशोबच वेगळा. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या देशाने १९६७ मध्ये हा कायदा केला, कारण सीमेवर उभं राहायला माणसंच नव्हती. आजही दोन वर्षं पूर्णवेळ, मग दहा वर्षं रिझर्व्हिस्ट (राखीव सैनिक), वर्षाला ४० दिवसांपर्यंत. मंत्र्याचा मुलगा असो वा टॅक्सीवाल्याचा, डोकं सारखंच भादरतात. हे मला मनापासून आवडतं. मुलींना मात्र सक्ती नाही. आणि माझा धर्म बंदूक धरू देत नाही म्हणणाऱ्या यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांना थेट कोठडी, ते कसं पचवायचं?

आता आमचं. नोकरीवर पीआर मिळालेल्या बापाला एनएस माफ, पण त्याच्या जोरावर पीआर झालेल्या मुलाला ती चुकत नाही. सेवा न करता पीआर सोडला, तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येताना ते आडवं येतं. इथल्या तरुणांचा राग समजतो: ते परेड करतात, तेवढ्यात परदेशी मुलं दोन वर्षं पुढे निघून जातात.

आम्ही अर्ज केला तो मुलाला वगळून. यात पळवाट कसली? पासपोर्ट भारताचा, मग शपथ दुसऱ्या झेंड्याखाली का घ्यायची? मोठा झाल्यावर त्याला वाटलं तर तो ठरवेल. शिवाय माझा सहकारी दरवर्षी रिझर्व्हिस्टला गेला की त्याचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडतं. तेवढी माझी सेवा धरा की!