अजून तोंडही उघडलं नव्हतं

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, तिथलं परवाचं नाटक डोक्यातून जातच नाही म्हणून लिहून टाकते.

या सीझनला तिसऱ्या अंकात मला गाणं आहे. विनोदी नाही, पोरगी सासरी निघते तेव्हाचं, लेखकाच्या मागं लागून लागून मिळवलेलं. ऑर्गनवाल्या भाऊनं सूर दिला, मी पदर सावरला अन् लोक हसायला लागले. अजून तोंडही उघडलं नव्हतं जी मी! मागून कोणीतरी ओरडलं, "टुनटुन आली रे!" झालं, अख्खा मंडप खिदळला, पहाटे तीनला घोंगडी घेऊन झोपलेले म्हातारेही उठून बसले. भाऊनं बिचाऱ्यानं परत सूर दिला.

ओरडणारं पोट्टं विशीतलं असेल. टुनटुन म्हणजे जुन्या हिंदी पिक्चरमधली जाडी विनोदी नटी, तिचा एक तरी पिक्चर त्यानं पाहिला असेल का?

वडशाला, आम्हा नाटकवाल्यांच्या गावी, रूमवर आले, झोप येईना, मोबाईलवर 'अफसाना लिख रही हूं' लावलं. १९४७ चा 'दर्द', नौशादचं संगीत. गाणारी हीच टुनटुन, तेव्हा ती उमादेवी होती. लहानपणीच आईबाप गेलेली, एकटी मुंबईला येऊन नौशादच्या दारात उभी राहिलेली. पडद्यावर मुनव्वर सुलताना अन् गळा हिचा. ऐका एकदा, कुठं हसू येते ते सांगा मला. मग लता आली, गाणी कमी झाली, नौशादनंच सांगितलं म्हणे ॲक्टिंग कर. १९५० चा 'बाबुल', दिलीपकुमारसोबत, अन् टुनटुन नावही तिथूनच. पण त्याच 'बाबुल'मध्ये मुनव्वर सुलतानाही आहे! म्हणजे तीन वर्षांआधी जिला आपला गळा दिला तिला हिरोईनचा रोल, अन् हिनं नुसतं समोर यायचं की लोक हसणार. सेटवर दोघी काय बोलल्या असतील... जाऊ द्या.

आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे सरांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीतल्या विनोदाला मान मिळाला म्हणून आम्ही किती खूश झालो होतो. पण ते माणूस. माणसाच्या डायलॉगवर हसतात, बाईचं आधी वजन करतात, मग डायलॉग ऐकला तर ऐकला. घरी फोनवर सांगितलं तर हे म्हणाले, "हसू दे ना वं, पैसे देऊनच आले ना ते." यांचं नेहमीचंच.

तसं गाणं मी पूर्ण म्हटलं. दुसऱ्या कडव्याला हसू थांबलं, गाणं लागलं की लोक दमले ते देव जाणे. पडदा पडल्यावर निर्माते म्हणाले, "बाई, हे असंच ठेवा, जबरदस्त लाफ्टर आला!" तिथंच रडू येणार होतं, पण मिशी कोरलेला व्हिलन बाजूला बसून माझ्याच डब्यातली चटणी खात होता, त्याच्यासमोर काय रडता?

आता होळीपर्यंत तेच गाणं अन् तेच हसणं. हसा बाप्पा. फक्त पुढच्या सीझनची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, ठरवताना गाण्याचे वेगळे अन् लाफ्टरचे वेगळे मागणार आहे. देणार नाहीत, पण तोंड पाहण्यासारखं होईल त्यांचं.