सुझदाल: घरं बघितली, जमीन शोधत राहिलो

रशियातल्या सुझदालला रेल्वे नाही. मॉस्कोहून व्लादिमीरपर्यंत गाडीने जायचं. स्टेशनासमोरच बसस्थानक आहे, तिथून पाऊण तास. सुझदालचा बसथांबा मात्र गावाच्या मध्यापासून दीड-दोन किलोमीटर लांब. मी बॅग ओढत गेलो, तुम्ही टॅक्सी करा. रूबल रोख ठेवा. आपली व्हिसा-मास्टरकार्ड 2022पासून तिथे चालत नाहीत. माहीत असूनही पहिल्या चहाला मी कार्डच पुढे केलं.

सुझदालच्या क्रेमलिनसमोर, म्हणजे गावच्या जुन्या किल्ल्यासमोर, कामेन्का नदीपलीकडे लाकडी वास्तूंचं आणि शेतकरी जीवनाचं संग्रहालय आहे. खेड्यांतून उचलून आणलेली घरं, पवनचक्क्या, कोझल्यात्येवो गावचं 1756चं चर्च. बहुतेकजण चर्चसमोर फोटो काढून निघतात. तुम्ही घरात शिरा, वाकून. माझं कपाळ आपटलंच. आत भट्टीएवढी चूल, म्हातारी माणसं तिच्या माथ्यावर झोपायची. कोपऱ्यात देवाच्या तसबिरी, आढ्याला पाळणा. त्याची दोरी पायात अडकवायची, म्हणजे सूत कातायला हात मोकळे!

घर दिसतं, जमीन दिसत नाही. ती गोष्ट वाचूनच जा. 1861 साली भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीत बांधलेले शेतकरी, मुक्त झाले, पण जमीन फुकट मिळाली नाही. जमीनदाराला बहुतेक रक्कम सरकारने दिली आणि शेतकऱ्याच्या मानगुटीवर 49 वर्षांचे हप्ते बसले. जमीन सहसा गावकीच्या ताब्यात. या गावकीला ते ‘मीर’ म्हणत. हप्ता थकला की अख्खं गाव जबाबदार, त्यामुळे कुणाला सहजी गाव सोडू देत नसत. बऱ्याच गावांत घरातली माणसं मोजून पट्ट्यांची फेरवाटणी व्हायची. उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात शेणखत कोण ओतणार?

1905च्या उठावांनंतर सरकार नमलं. 1907पासून हप्ते बंद, सातबारा कोरा म्हणा ना. त्याआधीच, 1906च्या नोव्हेंबरात, पंतप्रधान स्तोलिपिनच्या हुकुमाने मीरमधून फुटून आपले पट्टे एकत्र करायची मुभा मिळाली. फुटणाऱ्यांवर गाव चिडायचं. मला तो राग कळतो: पीक निघालं की शिवारात सगळ्यांची गुरं चरायची, तिथे एकाने कुंपण घातलं तर बाकीच्यांनी गुरं न्यायची कुठे?

फलकांसाठी भाषांतराचं अ‍ॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. उन्हाळ्यात नदीकाठी डास फोडून काढतात. आणि परतताना बसच्या खिडकीशी बसा. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर शेतं, एकही बांध नाही.