दूध-पॉपकॉर्न

सकाळी वाडग्यात पॉपकॉर्न घेऊन वर गार दूध ओतलं की घरातल्या मोठ्यांच्या भुवया वर जातात. आक्षेप पॉपकॉर्नला नसतो, मिठाला असतो. दूध आणि मीठ म्हणजे विरुद्ध आहार, तिथे वाद नाही. म्हणून पॉपकॉर्न घरचे, कढईत चमचाभर तेलावर फोडलेले, बिनमिठाचे. बटरवाली तयार पाकिटं तर नकोतच. दुधावर पिवळा तवंग धरतो आणि भल्या सकाळी घराला मध्यंतराचा वास सुटतो.

हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत ते जुनंच आहे. कॉर्नफ्लेक्समुळे घरोघरी पोचलेल्या केलॉग घराण्यातल्या एलाबाई, म्हणजे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन केलॉग यांच्या पत्नी, पॉपकॉर्न दळून त्यात दूध नाहीतर साय घालून खात. येता-जाता तोंडात टाकणं त्यांना नापसंत. खायचे तर रीतसर जेवणात. (थिएटरवाल्यांचं दिवाळंच!) पण दळून, दूध घालून? लाह्यांच्या पिठात दूध-गूळ कालवून वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार?

खरी गंमत न दळता खाण्यात आहे. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची वाफ टणक कवच फोडते, आतल्या पिठूळ गराचा फेस होतो आणि तो तिथल्या तिथे थिजतो. म्हणजे आपण खातो ती बरीचशी हवाच. काठोकाठ भरलेल्या दुधाच्या पेल्यात तेवढेच पेलाभर पॉपकॉर्न एकेक करून सोडले तरी दूध सांडत नाही, असं जुने अमेरिकन सांगत. धीर असेल त्याने करून पाहावं.

मला तेवढा धीर नाही, आणि दूधही थांबत नाही. लाही पडते, बारीकसं चुरचुरते, कडा लवतात, की संपला तिचा कुरकुरीतपणा. म्हणून मूठभर टाकायचे, लगोलग खायचे, मग पुढची मूठ. सगळं एकदम भिजवलं तर नशिबी लगदा. साखरेऐवजी किसलेला गूळ घातला तर तळाचं दूध शेवटी पिण्याजोगं होतं.

टरफलांवर मात्र इलाज नाही. ती दाढेत बसतात, ती थेट ऑफिसातली पहिली मीटिंग संपेपर्यंत.