मे महिन्यातला फझ

"काका, जानेवारीत मस्त वाजत होतं हो," रामबागेतला पोरगा म्हणाला. हातात मी दिलेलं फझ पेडल, गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी पेटी. आता सूर धरला की आवाज फरफरतो, मग मधेच तुटतो. इंदूर, दुपारचे दोन, दुकानात ४२ अंश.

झाकण उघडलं. बॅटरी नऊ व्होल्टच्या वर, सोल्डरचे डाग शाबूत. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (बेस, इमिटर, कलेक्टर या तीन पायांपैकी आवाज जिथून बाहेर पडतो तो) मात्र ७.४ व्होल्ट. देताना मी ४.५ वर, म्हणजे बॅटरीच्या निम्म्यावर, लावून दिलं होतं.

सर्किट फझ फेस या जुन्या पेडलचं, १९६६ साली लंडनच्या आर्बिटरने काढलेलं. दोन पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ३३ के, ८.२ के, ४७० ओहमचे रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम) आणि दुसऱ्याच्या इमिटरवरून पहिल्याच्या बेसला परत जाणारा १०० केचा फीडबॅक. एवढ्याशा सर्किटात चूक लपत नाही. म्हणून पहिला ट्रान्झिस्टर, एसी१२८, काढून तपासला. ९ व्होल्ट, कलेक्टरला २.४७ के, बेस मोकळा. जानेवारीत, २२ अंशांत, ०.१८ व्होल्ट लिहून ठेवलेत; आज ०.७४. म्हणजे लीकेज, बेस मोकळा असतानाही झिरपणारा करंट, ७५ मायक्रोअँपिअरवरून ३०० वर. दर दहा अंशांना साधारण दुप्पट, हिशेब चोख बसतो. (मोजताना पार्ट चिमटीत धरू नका. बोटाच्या उबेनेच आकडा चढतो. पाच मिनिटं टेबलावर पडू द्या.)

पहिल्याच्या बेसला लागणारा करंट लीकेजनेच पुरवला की १०० केमधून यायचा करंट घटतो, दुसऱ्याचा इमिटर खाली येतो, तो ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद पडतो आणि त्याचा कलेक्टर नऊ व्होल्टकडे सरकतो. फरफर तीच.

लोक नाव बघतात. ट्रान्झिस्टरच्या टोपीवर एनकेटी२७५, जुन्या फझ फेसमधलं नावाजलेलं नाव, छापलं की दाम तिप्पट द्यायला तयार, लीकेज कोणी विचारत नाही. छाप पुन्हा मारता येतो, लीकेज लपवता येत नाही. मी जुन्या रेडिओच्या भंगारातले भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी१२८ चाळले. चौदातला एक निघाला: गेन (करंट किती पट वाढवतो ते) ७५, गार सकाळी लीकेज जेमतेम २० मायक्रोअँपिअर. तो पहिल्या जागी, सॉकेटमध्ये. जर्मेनियमला डागाची आच सोसत नाही. ८.२ केच्या जागी ४.७ के आणि त्याच्यापुढे १० केचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), बटण पेटीच्या बाहेर. आवाज ४७० ओहमवरून काढलेला असल्याने बटण फिरवलं तरी व्हॉल्यूम फारसा हलत नाही. दुपारी ११ केच्या आसपास ४.५ परत आले.

अॅडॉप्टरची एकच वायर बाकीच्या पेडल्ससोबत लावू नकोस, हे त्याला पुन्हा बजावलं. या पेडलचं ग्राउंड बॅटरीच्या पॉझिटिव्हला आहे, बाकीच्यांचं निगेटिव्हला; एकाच वायरवर सगळी सप्लाय शॉर्ट होते. कार्यक्रमांतले साउंडवाले हे ऐकूनच घेत नाहीत.

चूक सर्किटची नाही, माझी. थंडीत ४.५ बघून पेटी बंद केली, हेअर ड्रायर फिरवून बघितला नाही. त्याच खेपेतल्या तीन पेट्या अजून बाहेर आहेत, त्यातली एक ग्वाल्हेरला, जिथला मे आमच्याहून कडक. तिथून तक्रार आलेली नाही. कदाचित त्याला ती फरफरच आवडत असेल. फोन करावा की नाही, ठरत नाही.