तुम्ही विचारलंत म्हणून: श्यांगल्यूसाठी रडते, तरी जिंगची बाजू का घेते?

"श्यांगल्यू मेला तेव्हा हमसून हमसून रडलीस, मग श्याओयाओने जिंगशी लग्न केलं ते बरोबरच केलं असं कसं म्हणतेस?"

'लॉस्ट यू फॉरेव्हर' ही चिनी मालिका पाहिलेली जी कुणी भेटते, ती फिरून फिरून मला हेच विचारते. श्याओयाओ तिची नायिका, श्यांगल्यू आणि जिंग तिच्यावर प्रेम करणारे दोघे. २०२४मध्ये दुसरा सीझन संपला तेव्हापासून हे चाललं आहे. एकीने तर "तू जिंगवाली आहेस हे आधी सांगायचंस" म्हणून माझ्याशी बोलणंच कमी केलं. म्हणून आता एकदाच सगळं लिहिते. गोष्ट सांगत बसत नाही, विचारणाऱ्या सगळ्यांना ती पाठ आहे.

श्यांगल्यूवर माझा जीव तुमच्यापेक्षा कमी नाही, हे आधी ऐका. चीनच्या जुन्या 'शान हाय चिंग' ग्रंथात या नावाचा नऊ तोंडांचा नाग येतो, जिथे जाईल तिथली जमीन नासवणारा. त्याच नावाच्या जीवाला लेखिका तुंग ह्वांनी हरलेल्या राज्याच्या उरल्यासुरल्या सैन्याचा सेनापती केलं आणि तान ज्यानत्सीने तो पांढऱ्या केसांचा, मुखवट्याआडचा माणूस असा उभा केला की तो पडद्यावर आला की बाकीचे दिसेनासे होतात. समुद्राच्या तळाशी शिंपल्यात निपचित पडलेल्या श्याओयाओला तो स्वतःच्या हृदयाचं रक्त देऊन ३७ वर्षं जगवतो. फांगफेंग बेई या उनाड सरदारपुत्राच्या रूपात तिला धनुष्य चालवायला शिकवतो, उद्या कुणी सोबत नसलं तरी तिला आपला जीव वाचवता यावा म्हणून. आणि ते बेईचं नावसुद्धा त्याने बळकावलेलं नाही. खऱ्या बेईने मरताना त्याच्याकडून आपल्या आईसाठी शब्द घेतला होता. त्यासाठी तो परक्या बाईजवळ तिचा मुलगा म्हणून, तिच्या अखेरपर्यंत राहिला. हे ज्याला पाहून गलबलत नाही त्याच्याशी मला वाद घालायचाच नाही.

आपल्याकडच्या बायकांना तो इतका जवळचा का वाटतो, तेही मला कळतं. आपण कर्णावर प्रेम करत मोठ्या झालो आहोत. कृष्णाने समजावलं तरी कर्णाने बाजू सोडली नाही. शत्रूपक्षाचा राजा, श्याओयाओचा मामेभाऊ त्सांगश्वेन बोलावत असतानाही श्यांगल्यूने आपल्या मानलेल्या बापाला, होंगज्यांगला सोडलं नाही. ज्याने माणूस म्हणून जवळ केलं त्याच्यासाठी, हरणार हे ठाऊक असून लढायचं आणि मरायचं. तिथे आपला विरघळायचा कोपरा आधीपासून तयार असतो.

पण मला एक सांगा, या सगळ्यात श्याओयाओला कुणी काही विचारलं का?

प्रेमाचा जादूचा किडा श्याओयाओ आणि श्यांगल्यू दोघांच्या काळजात होता, एकाचं दुखलं की दुसऱ्याला कळायचं. तो तोडायचं त्याने एकट्याने ठरवलं. तिचं तिसऱ्याच कुणाशी लग्न लागत असताना भर मांडवातून तिला नवरीच्या वेशात नेलं आणि कारण काय सांगितलं, तर जिंगने सैन्याला धान्य द्यायचं कबूल केलंय, सौदा झालाय. तिने आपला द्वेष करावा, म्हणजे आपल्यामागे ती सुखाने जगेल, हेही त्यानेच ठरवलं. आणि ही श्याओयाओ कोण? लहानपणी आई यूशान पर्वतावर सोडून लढाईला गेली ती परत आलीच नाही, अशी मुलगी. सगळं आयुष्य ती एकच गोष्ट मागते: काहीही झालं तरी मला टाकून न जाणारं माणूस. हे ती तोंडाने बोलून दाखवते. आपण ऐकतो, आणि तरी जो तिला टाकून जातो, कारणही न सांगता जातो, त्यालाच सगळ्यात मोठा प्रेमी ठरवतो.

२०२३मध्ये पहिल्या सीझनचे ३९ भाग संपले तेव्हा मीही हेच म्हणत होते. जिंग म्हणजे मऊ माणूस, दुसरीशी ठरलेलं लग्न मोडायलासुद्धा ज्याला इतकी वर्षं लागतात, त्याच्यात बघायचं काय, हे माझेच शब्द आहेत आणि ते मी मागेही घेत नाही. जिंगचा तो घोळ मला आजही असह्य होतो. आजीला दुखवायचं नाही, घराणं सोडायचं नाही, आणि झळ कुणाला, तर श्याओयाओला. तेव्हाची मी आणि आताची मी यांत जिंगबद्दल फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला तो श्यांगल्यूच्या मौनाबद्दल, आणि तो मालिकेने पाडलेला नाही.

हे लिहू की नको असं बरेच दिवस वाटत होतं.

माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची. दोन्ही सीझन आम्ही एकत्रच पाहिले, म्हणजे ती तिच्या घरी, मी माझ्या, इंग्रजी सबटायटल्स वाचत, आणि भाग संपला की फोन. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, घरचे झोपलेले. श्यांगल्यू त्या बेटावर एकटा उभा आणि आभाळ झाकून टाकणारे बाण, तो भाग संपला तेव्हा आम्ही दोघी फोन कानाला लावून नुसत्या रडत होतो. मग ती म्हणाली, "त्या मुलीला शेवटपर्यंत त्याची किंमत कळली नाही. सोयीचा माणूस धरला तिने." मी म्हटलं, कळू दिलं असतं तर कळली असती ना! ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुलाही कुठे कळली?"

आमच्या वर्गात एक मुलगा होता. फार बोलायचा नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना बाबांची बायपास झाली. रक्ताची सोय करा म्हणून हॉस्पिटलने सांगितलं होतं आणि मी आणि आई वेड्यासारख्या फोन करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर रक्तपेढीत रक्तदाते आलेले, कागद भरून झालेले. कॉलेजच्या रक्तदान गटाची मुलं आहेत असं मला सांगितलं गेलं. मी गटाला आभाराचं पत्रही लिहिलं होतं. ती सगळी मुलं त्याने गोळा केली होती, तीही एका रात्रीत, मोटरसायकलवर फिरून. स्वतःही रक्त दिलं होतं. त्यानंतर बाबा घरी येईपर्यंत तो रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाली येऊन उभा राहायचा, वर यायचा नाही. मैत्रिणीला सगळं ठाऊक होतं. "तिला सांगू नकोस, तिला ओझं वाटेल," असं त्याने तिला बजावलं होतं. पुढे त्याला लांब नोकरी लागली, तो गेला. माझं लग्न ठरलं तेव्हाही मैत्रीण काही बोलली नाही. इतक्या वर्षांनी, एका चिनी सेनापतीच्या मरणावरून भांडताना बोलली.

मी फोन ठेवून दिला. राग कुणाचा आला तेही धड कळेना. बाबांच्या अंगात ज्याचं रक्त गेलं त्याला मी साधं "थँक यू" म्हटलेलं नाही. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकदा त्याची चेष्टासुद्धा केली होती, बाबा घरी आल्यानंतर, तो समोर बसलेला असताना. त्या चेष्टेवर तो हसला होता. तो हसण्याचा चेहरा मला त्या रात्री आठवला आणि अजून जात नाही.

कुणी म्हणेल, तुला कळलं असतं तर तू त्याच्याशी लग्न केलं असतंस का? माहीत नाही. बहुतेक नाही. माझा नवरा सोयीचा माणूस नाही, तो माझा माणूस आहे. सासूबाईंच्या आजारपणात आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत तो जागचा हलला नाही, मला न विचारता त्याने माझ्याबद्दल कधी काही ठरवलं नाही. हे मी कुणाला पटवून द्यायला लिहीत नाहीये. पण त्या मुलाला "नाही" म्हणण्याचासुद्धा हक्क माझा होता. त्याच्यासमोर बसून, डोळ्यांत बघून. तो माझ्या वतीने त्याने आणि माझ्या मैत्रिणीने परस्पर वापरून टाकला. लोक याला त्याग म्हणतात. ज्याच्यासाठी त्याग केला त्याला पुढे जन्मभर काय वाटत राहतं, ते कुणी बघत नाही.

म्हणून श्याओयाओला "आंधळी", "कृतघ्न" म्हणणाऱ्या प्रत्येकीशी मी भांडते. मी जिंगची नाही, श्यांगल्यूचीही नाही, मी तिची आहे. जिंगमध्ये हजार खोटी असतील, पण त्याने आपलं प्रेम तिच्यासमोर उघडं ठेवलं. त्याला स्वीकारायचं की लाथाडायचं हे तिला ठरवता आलं, आणि रागाच्या भरात तिने ते दोन्ही करून पाहिलं.

इथपर्यंत माझं ठाम आहे. पुढे डळमळतं, तेही सांगते.

मैत्रिणीशी काही महिन्यांनी पुन्हा बोलणं सुरू झालं. त्या मुलाचा विषय आम्ही काढत नाही, श्यांगल्यूचा निघतोच. ती म्हणते, त्याने सांगितलं असतं तर श्याओयाओ त्या बेटावर गेली असती. ती तशीच आहे, कुणाला एकटं मरू देणारी नाही. तिला ठाऊक नव्हतं म्हणूनच ती जगली, आणि तिने जगावं एवढंच त्याला हवं होतं. यावर मी म्हटलं, मग मरायचं की नाही हेही तिलाच ठरवू द्यायचं होतं. मैत्रीण म्हणाली, "ती तुझी मुलगी असती तर ठरवू दिलं असतंस?"

मी उत्तर दिलेलं नाही. तिचं म्हणणं खोडायला गेले की शिंपल्यातली ती ३७ वर्षं समोर येतात आणि मी तो भाग पुन्हा लावते. मान्य करायला गेले की कॅन्टीनमधला तो हसणारा मुलगा समोर येतो. त्याचा नंबर मैत्रिणीकडे आहे. तिने दोनदा विचारलंय, पाठवू का म्हणून.