इचलकरंजी आणि यड्राव : साध्या मागापासून एअरजेटपर्यंत

कापड विणण्याचे नवे यंत्र आधी शहरात येते आणि मग खेड्याकडे सरकते, असे मानणाऱ्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी आणि शेजारचे यड्राव एकाच फेरीत पाहावे. इचलकरंजीला रेल्वे स्थानक नाही. हातकणंगले स्थानकावर उतरून किंवा कोल्हापूरहून एस.टी.ने जाणे सोयीचे पडते.

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. शहराच्या जुन्या भागात आजही घराला लागून असलेल्या शेडमध्ये साधे माग चालतात. धोटा आडवे सूत घेऊन ये-जा करतो आणि त्यातली सुताची कांडी संपली की कामगार माग थांबवून ती हाताने बदलतो. यातील अनेक मागवाले खर्चीवाले आहेत, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे आणि मागवाल्याला पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने केवळ मजुरी. माझ्या मते नव्या यंत्राची खरी अडचण इथेच आहे, कारण ज्याच्या हातात ना सूत आहे ना कापडाचा भाव, त्याने नव्या यंत्रासाठीच्या कर्जाचे हप्ते कोणत्या भरवशावर फेडायचे? नवे यंत्र घेत नाही म्हणून हा कारागीर मागासलेला आहे, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

शिरोळ तालुक्यातील यड्रावला पार्वती औद्योगिक वसाहत आहे. गावाकडे मोकळी जागा मिळत असल्याने उंच छताची शेड, मजबूत पाया आणि कॉम्प्रेसरची खोली आधीपासून आखून बांधता येते, आणि एअरजेटला नेमके हेच लागते. त्यात धोटा नसून हवेचा झोत आडवे सूत पलीकडे नेतो. मात्र प्रत्येक धागा तुटताच माग थांबत असल्यामुळे सूत एकसारखे आणि सायझिंग, म्हणजे उभ्या सुताला खळ लावण्याचे काम, उत्तम असावे लागते. म्हणूनच माग पाहण्याआधी एखादा सायझिंगचा कारखाना अवश्य पाहावा. खळ लावलेले उभे सूत गुंडाळून बीम, म्हणजे मागावर चढवायचा मोठा रूळ, कसा भरतात हे समजले, की पुढचे सारे उलगडते.

मालकाची परवानगी आधी घ्यावी, पाळी बदलण्याची वेळ टाळावी आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते हे फोनवर विचारून घ्यावे. ओढणी किंवा सैल बाह्यांचे कपडे मागाजवळ धोक्याचे असतात. कानात घालण्यासाठी बोळे न्यावेत आणि कापडाच्या डिझाइनची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत.