अंडं, करंजी आणि मागची खोली : आमची वाटचाल

पहिला ऑनलाइन वर्ग एप्रिल २०२० मध्ये झाला, नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत. मी तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणीशास्त्र शिकवत होते. लॉकडाउन लागला, तासिका थांबल्या. तासिका थांबल्या की मानधन थांबतं, हे या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मुलांचे फोन थांबले नव्हते. बी.एस्सी.ची अकरा मुलं, सगळी भ्रूणविज्ञानावरच, म्हणजे गर्भ कसा घडत जातो ते सांगणाऱ्या एम्ब्रियोलॉजीवरच, अडलेली. "मॅडम, बाकी सारं वाचून काढतो, हे काही समजून नाही राहिलं."

त्यांचं अडणं मला पटत होतं. हाड एकदा बघितलं की बघितलं. भ्रूण सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा. पुस्तकातलं चित्र त्याला एका क्षणी थांबवून उभा आडवा कापतं, आणि मुलं तो काप पाठ करतात. आधी काय होतं, पुढे काय होणार, कोणती घडी कुठे वळली, हे चित्रात नसतं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचंही तेच. माझ्या मोठ्या जाऊबाई अ‍ॅनाटॉमीच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्या. घरात सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या सांगायच्या, डिसेक्शन हॉलमध्ये मुलं तासन्‌तास उभी राहतात, एम्ब्रियोलॉजी मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर ढकलतात.

ताईंना वर्गात ओढण्याचं काम एका करंजीने केलं. त्या वर्षी दिवाळीत आम्ही दोघी करंज्या करत होतो आणि माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचा न्यूरल ट्यूबचा, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीचा, तास होता. मी पुरी तळहातावर घेतली, दोन्ही कडा उचलल्या, मधोमध चिमटीत धरून चिकटवल्या आणि मग एकदा या टोकाकडे, एकदा त्या टोकाकडे दाबत गेले. ताई बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, हे तर मानेपाशी मिटायला लागतं तसंच झालं. दोन्ही टोकं शेवटी." न्यूरल ट्यूब अशीच मिटते. सपाट पट्टीच्या कडा उचलल्या जातात, फलनापासून बाविसाव्या दिवसाच्या सुमारास मानेच्या भागात जुळतात आणि तिथून दोन्ही बाजूंना मिटत जातात. डोक्याकडचं तोंड साधारण पंचविसाव्या दिवशी बंद होतं, शेपटीकडचं अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. वरचं उघडं राहिलं तर अनेनसेफली, म्हणजे मेंदू आणि कवटी नीट न घडणं; खालचं राहिलं तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटणं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर ताईंचे हात होते आणि कणकेची पुरी. मेडिकलचा विभाग तिथून सुरू झाला.

रेकॉर्डिंगचे हाल नागपूरकरांना वेगळे सांगायला नकोत. एप्रिल ते जून कूलरशिवाय त्या खोलीत बसवत नाही आणि कूलर लावला की आवाजात फक्त कूलर ऐकू येतो. म्हणून आम्ही पहाटे साडेचारला उठून रेकॉर्ड करतो. कूलर बंद, दारं-खिडक्या बंद, साडेसहापर्यंत जेवढं होईल तेवढं. रेकॉर्डिंग आणि हिशेब माझे धाकटे दीर बघतात. चौथा माणूस आमचा चित्रकार, इथल्याच चित्रकला महाविद्यालयात शिकलेला.

चित्रकार घेण्यामागे आमची एक चूक आहे आणि ती सांगायला हवी. पहिल्या दोन तुकड्यांना मी पुस्तकांतली चित्रं फोटो काढून दाखवत होते. पैसे घ्यायला लागल्यावरही दाखवत राहिले. ताईंनी विचारलं, "ही चित्रं आपली आहेत का?" आपली नव्हती. सगळं थांबवून आम्ही पाच महिने चित्रं काढली. भ्रूणाच्या तीन थरांपैकी बाह्यस्तर निळा, मध्यस्तर लाल, अंतःस्तर पिवळा, ही जगभराची पद्धत तेवढी ठेवली. बाकी प्रत्येक रेघ आमची. त्या पाच महिन्यांत कमाई जवळपास शून्य होती, घर माझ्या यजमानांच्या पगारावर चाललं. पण चित्रकाराला समजेपर्यंत समजावून सांगताना मला स्वतःला कितीतरी गोष्टी नव्याने कळल्या. तो विचारायचा, "मॅडम, ही पोकळी मागच्या चित्रात कुठे होती?" विद्यार्थी हा प्रश्न मनात ठेवतात, चित्रकाराला तो ठेवता येत नाही.

दुसरी चूक आतड्याची. सहाव्या आठवड्यात यकृत एवढं वाढतं की पोटात जागा उरत नाही, आणि मधल्या आतड्याचा वेढा नाळेत बाहेर येतो. दहाव्या आठवड्यात तो परत आत जातो. या जाण्या-येण्यात तो घड्याळाच्या उलट दिशेने एकूण २७० अंश फिरतो, आणि त्याचा आस असते आतड्याला रक्त पुरवणारी सुपीरियर मेसेंटेरिक धमनी. मी हे नाड्याने शिकवते. मुलंही घरी नाडा हातात घेऊन बसतात. त्या दिवशी स्क्रीनवर माझा नाडा चुकीच्या दिशेला फिरताना दिसला म्हणून मी घाईने दिशा बदलली. आपल्याला आपली प्रतिमा आरशासारखी उलटी दिसते, समोरच्यांना सरळ, हे लक्षातच आलं नाही. आख्ख्या तुकडीने आतडं उलटं फिरवलं. रात्री एका मुलीने पुस्तक उघडून फोन केला, तेव्हा कळलं. त्याच रात्री दुरुस्तीचा व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून माझ्या मागच्या भिंतीवर 'डावा' आणि 'उजवा' लिहिलेले दोन कागद आहेत. अक्षरं उलटी दिसली की मी आरसा बघतेय हे समजतं.

मे २०२२ मध्ये आम्ही जिवंत भ्रूण दाखवायचं ठरवलं. बी.एस्सी.ला चोवीस, तेहतीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाच्या रंगवलेल्या स्लाइड असतात. त्या सुंदर असतात, पण त्यात काही हलत नाही. बाजारातली पोल्ट्रीची अंडी इथे उपयोगाची नाहीत. त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो, अंडी फलित नसतात. काटोलजवळच्या मावशीकडून गावरान अंडी आणली. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, वाटीभर पाणी, थर्मामीटर, अडतीस अंश. तेहतीस तास मोजून रविवारी सकाळी साठ मुलांसमोर अंडं आडवं ठेवलं. सिरिंजने थोडा पांढरा भाग काढला, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतो, आणि बारीक कात्रीने खिडकी कापली. पिवळ्यावर लाल शिरांचं जाळं पसरलेलं, मध्ये एक ठिपका धडधडतोय. चॅटमध्ये कोणी काही लिहीना. मग गडचिरोलीच्या एका मुलाने माइक सुरू केला. "मॅडम, तेहतीस तासाला दहा-बारा सोमाइट पाहिजे ना? इथं तर बावीसच्या वर दिसून राहिले."

त्याचं बरोबर होतं. सोमाइट म्हणजे भ्रूणाच्या पाठीवर जोडीने उमटणारे ठोकळे, वाढीबरोबर त्यांची संख्या वाढत जाते. अंडं घातलं जातं तेव्हा भ्रूणाची वाढ सुरू झालेलीच असते. अंडं गार झालं की ती थांबते आणि ऊब मिळाली की पुढे चालते. मेमधल्या मावशीच्या घरात ते गार झालंच नव्हतं. टोपलीतच दोन दिवस उबत होतं, वरून दुचाकीच्या डिकीतला प्रवास. आमचं घड्याळ खोटं आणि भ्रूण खरा. म्हणूनच १९५१ मध्ये हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या वाढीच्या ४६ अवस्था तासांवर नाही, दिसणाऱ्या खुणांवर बांधल्या. माणसाच्या पहिल्या आठ आठवड्यांच्या २३ कार्नेगी अवस्थाही तशाच. हे मी आधीही शिकवलं होतं, त्या रविवारी ते मुलांना दिसलं. आता अंडी आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत आणतो.

व्यवसायाचं म्हणाल तर २०२१ मध्ये उद्यम नोंदणी केली. उलाढाल वीस लाखांच्या आत, त्यामुळे जीएसटी लागत नाही. मध्यंतरी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या क्लासने आमची रेकॉर्डिंग दोन वर्षं वापरली आणि पैसे एकाच वर्षाचे दिले. त्या वेळी फार लागलं. त्यानंतर रेकॉर्डिंग विकणं बंद केलं. चाळीसची तुकडी, थेट वर्ग, शंका त्याच दिवशी. शिकवतो मराठीत, संज्ञा इंग्रजीतल्याच, कारण पेपर इंग्रजीत आहे आणि तिथे मुलांची अडचण व्हायला नको.

एक प्रश्न मात्र कायम लक्षात राहिला. गोंदियाकडच्या एका विद्यार्थिनीची आई आशा सेविका आहे. करंजीच्या तासानंतर ती विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, बाई आईकडे नाव नोंदवायला येते तेव्हा ती नळी मिटून गेली असते का?" बहुतेक वेळा हो. फलनापासूनचा अठ्ठाविसावा दिवस म्हणजे दवाखान्याच्या हिशेबाने, शेवटच्या पाळीपासून, सहावा आठवडा. पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोवर कळलेलंही नसतं. म्हणून रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं असतं. त्या मुलीने तो व्हिडिओ आईला दाखवला. आईने विचारलं, आमच्यासाठी असा एक वर्ग घ्याल का, इंग्रजी शब्द न वापरता?

तो वर्ग आम्ही दर वर्षी घेतो, विनामूल्य, दुपारी दोनला, कारण त्यांना तीच वेळ जमते. ताई कणीक मळून बसतात. यंदा पलीकडून एका सेविकेने आपल्या घरची पुरी कॅमेऱ्यासमोर धरली आणि मधोमध चिमटीत पकडून विचारलं, "इथून ना ताई?"